बेल झाल्यावरचं एक मिनिट

माझं त्याच्याशी भांडण अजून मिटलेलं नाही. त्याला शेवटचं पाहिलं त्याला वीस वर्षं होत आली. आता तो चाळिशीला टेकला असेल, पोट सुटलं असेल, पोरं त्याला उलट उत्तरं देत असतील. निदान माझी तशी फार इच्छा आहे. पण डोळ्यांपुढे येतो तो सतरा वर्षांचाच. तांबडे केस, बाह्यांतून चार बोटं बाहेर आलेली मनगटं, आणि समोरच्याने "आज गुरुवार आहे" म्हटलं तरी "असं कोण म्हणतं?" विचारायला तयार असलेली हनुवटी.

तो आयरिश होता आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे. आमची गाठ पडली ती हॉलंडमधल्या ब्रेडा गावाबाहेरच्या एका सुधारशाळेत. कोर्टाने पाठवलेली मुलं तिथे राहत, शिकत, काम करत. झाडीतल्या लाल विटांच्या इमारती, पुढे फुलांचे वाफे. एखादी बरी शाळा वाटावी. कुंपणाची उंची पाहिली की मग समजे. मी तिथे मुलांना स्वयंपाक शिकवत होते.

त्या शाळेत प्रत्येक गोष्टीला बेल होती. उठायला, जेवायला, कामाला, झोपायला. बेल झाली की बाकीची मुलं उठत. हा उठत नसे. बरोब्बर एक मिनिट बसून राही आणि मग असा उठे, की जणू आत्ताच त्याच्या मनात आलं, चला, जरा उठू या. त्या मिनिटापायी त्याने काय काय गमावलं होतं: टीव्ही, फुटबॉल, रविवारची मिठाई. एकदा मी वैतागून म्हटलं, "अरे, एका मिनिटाने काय मिळतं तुला?"

"मिनिट," तो म्हणाला.

मी ब्रेडाला आले ती नवऱ्याच्या व्हिसाला चिकटून. तो कंपनीत, मी खिडकीत. सहा महिने खिडकीत काढल्यावर मी त्याच्या ऑफिसातल्या मुलांना डबे द्यायला सुरुवात केली. पुण्यामुंबईची ती मुलं, आईच्या आठवणीने माझी साधी आमटीसुद्धा डोळे मिटून खात. मला स्वयंपाकाचा कोर्स कुणी शिकवला नव्हता. माझ्या वडिलांचा मिरजेच्या मंडईत भाजीचा गाळा होता, आणि दहावीपर्यंत मी अभ्यास केला तो त्या गाळ्यावर बसून. वडिलांनी मला एकच गोष्ट शिकवली. गिऱ्हाईक पाठ फिरवून निघालं की दहा पावलं मोजायची. आधी हाक मारली तर आपण हरलो, नंतर मारली तर गिऱ्हाईक गेलं. दहाव्या पावलाला हाक. त्या जोरावर मी ब्रेडाच्या आठवडी बाजारात, जिथे कुणी घासाघीस करत नाही तिथे, कोथिंबिरीच्या पेटीवर घासाघीस केली आहे. आणि त्याच जोरावर सुधारशाळेत गेले. त्यांना आठवड्यातून दोन दिवस बाई हवी होती. मी चार दिवस मिळवले, गुरुवारचा मेनू माझ्या मर्जीचा करून घेतला, आणि पहिल्याच दिवशी फाटकावरचा माणूस माझी पिशवी उघडायला लागला तेव्हा इतका आवाज चढवला की संचालक खाली आले. "मी इथे शिकवायला आले आहे, शिक्षा भोगायला नाही," मी म्हटलं. त्यानंतर माझ्या पिशवीला कुणी हात लावला नाही. त्या विजयाचा मला फार अभिमान होता.

२००५ च्या जानेवारीत तो माझ्या स्वयंपाकघरात आला. दारातच थांबला. खुंट्यांवर शाळेचे करडे एप्रन टांगलेले होते.

"मी त्यांचे कपडे घालणार नाही," तो म्हणाला.

"मग भाजी कशी चिरणार?"

"चिरीन. त्यांचा एप्रन नको."

"एप्रनशिवाय माझ्या ओट्याला कुणी शिवत नाही."

"मग नाही शिवत."

आणि तो दारात उभा राहिला. अर्धा तास. मी कांदे मुलांना वाटले, फोडणी केली, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तोही पाहत नव्हता. मला गाळ्यावर बसल्यासारखं वाटू लागलं. शेवटी मीच म्हटलं, "एप्रन तुझ्या घरचा असेल तर?"

"घरचा असेल तर चालेल. पण कांद्याचं काम मी आठवड्यातून दोनदाच करीन."

"तीनदा."

"तीनदा. पण मग भाताचं भांडं मी घासणार नाही."

"भांडं घासायचं. वर मला मिसेस म्हणायचं."

इतर मुलं मला डच रिवाजाप्रमाणे 'मेव्राउ' म्हणत. हा पहिल्यापासून मिसेसच म्हणत होता, म्हणजे त्या सौद्यात त्याने काहीच दिलं नव्हतं. हे माझ्या दोन दिवसांनी लक्षात आलं. पुढच्या आठवड्यात तो आईचा एप्रन घालून आला, पिवळा, खिशावर कोंबडी शिवलेली. एकही मुलगा हसला नाही. त्याचा चेहराच तसा होता.

तो नऊ वर्षांचा असताना आई त्याला घेऊन हॉलंडला आली होती. ती भाजीच्या पॅकिंगच्या शेडमध्ये कामाला होती. तिथे बायकांनी संडासला जाताना घड्याळाच्या यंत्रात कार्ड घालायचं, आल्यावर पुन्हा घालायचं, असा नियम निघाला. एका रविवारी हा गेला, ते घड्याळ हातोड्याने फोडलं आणि ज्या केबिनमध्ये ते होतं ती पेटवून दिली. आत कुणी नाही असं त्याला वाटलं होतं. मागच्या खोलीत पहारेकरी झोपला होता. त्याचा हात भाजला.

घड्याळाबद्दल तो मोठ्या रुबाबात बोले. आजोबांनी सांगितलेली त्याच्या देशाच्या सगळ्या लढायांची कहाणी त्या घड्याळापाशी येऊन संपत असे. गोष्ट सांगताना तो दर वेळी साल बदलायचा, कोण कुणाला फितूर झाला तेही बदलायचा. आयरिश भाषेचे त्याला मोजून बारा शब्द येत. ते तो बटाट्यांना शिव्या द्यायला वापरी. पण त्या हाताबद्दल तो एकदाही फुशारकीने बोलला नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो त्या पहारेकऱ्याला पत्र लिही. उत्तर कधी आलं नाही.

"मग कशाला लिहितोस?" मी विचारलं.

"उत्तर द्यायचं की नाही ही त्याची गोष्ट, मिसेस. लिहायचं ही माझी."

शाळेत मुलांबरोबर एका टेबलाशी बसून जेवायचं, हा आम्हा सगळ्या शिक्षकांना नियम होता. संकष्टीला मी ताट पुढे घ्यायची आणि काही खायची नाही. फेब्रुवारीत हे त्याच्या नजरेत आलं. मार्चमध्ये पुन्हा. तो माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "कुणाविरुद्ध आहे?"

"काय कुणाविरुद्ध?"

"उपोषण."

मी त्याला सांगितलं की हा उपास आहे, देवासाठी असतो, चंद्र उगवला की सोडायचा. त्याला ते मुळीच पटलं नाही. देवाशी कसलं भांडण, तो तर समोर येतही नाही. त्याच्या मते मी संचालकांविरुद्ध काहीतरी चालवलं होतं आणि हुशारीने देवाचं नाव पुढे केलं होतं. त्याच्या नजरेत माझा भाव एकदम वाढला. एप्रिलच्या संकष्टीला त्यानेही ताट मागे सारलं.

"तू कशाला?"

"पाठिंबा."

दुपारी मी डब्यातली साबुदाण्याची खिचडी काढली तेव्हा मात्र त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"हे काय?"

"उपासाला चालतं हे."

"उपोषणात जेवण? मिसेस, माझ्या आजोबांनी तुम्हाला लढ्यातून काढून टाकलं असतं."

"तुझ्या आजोबांना म्हणावं एकदा खाऊन बघा."

त्याने खाल्ली नाही. दाण्यादाण्याचा वास घेत बसला, पण खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या विचारलं, "चंद्र उगवला का? ढग होते."

"दिसला नाही. नवऱ्याने कॉम्प्युटरवर वेळ बघून सांगितली."

"म्हणजे तुम्ही कागदावर विश्वास ठेवून सोडलंत." मग थोडा विचार करून, "बरं, कोण जिंकलं?"

त्यानंतर दर संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी त्याचा हाच प्रश्न असे. कोण जिंकलं? मी कधी म्हणे गणपती, कधी म्हणे मी.

त्यानेच मला सांगितलं की फार पूर्वी त्याच्या देशात, कुणी आपल्यावर अन्याय केला तर माणूस त्याच्या दारात जाऊन उपाशी बसे. आरडाओरडा नाही, दगडफेक नाही. नुसतं बसायचं. आतला माणूस दार उघडून चूक कबूल करतो की नाही, एवढंच. मी म्हटलं, आमच्याकडेही दारात धरणं धरून बसत. तो इतका खूश झाला की त्याने न सांगता भाताचं भांडं घासलं. "म्हणजे तुम्हाला समजतं," तो म्हणाला. "इथल्यांच्या दारात बसलं तर ते पोलिसांना फोन करतात."

आता सुऱ्यांबद्दल सांगायला हवं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक लाकडी फळा होता. त्यावर बारा सुऱ्या टांगलेल्या, प्रत्येकीमागे तिच्या आकाराची काळी सावली रंगवलेली, खाली नंबर. सुरी घेताना त्या जागी आपल्या नावाचा पितळी बिल्ला लावायचा, परत ठेवताना बिल्ला काढायचा. तास संपला की बाराच्या बारा जागेवर आल्याशिवाय कुणी बाहेर पडायचं नाही. नियम सगळ्यांना होता. माझ्याही नावाचा बिल्ला होता. मी तो कधी लावला नाही. मी शिक्षिका, मी काय माझ्याच भिंतीला जामीन राहू? आणखी एक. भाजी स्टीलच्या ट्रेमध्ये चिरायची असा नियम होता, कारण ट्रेमध्ये सगळं दिसतं. मी वर्तमानपत्रावर चिरायची. आमच्या घरात कायम तसंच. खाली कागद पसरायचा, भाजी निवडायची, चिरायची, आणि शेवटी सालंबिलं त्याच कागदात गुंडाळायची. ही पुडी मी घरी नेई. आमचे शेजारी एक म्हातारे डच गृहस्थ होते, त्यांनी ससे पाळले होते. मी फ्लॉवरचा पाला न् गाजराची सालं द्यायची, ते मला परसातले लीक, तिकडचा जाड पातीचा कांदा, द्यायचे. त्या सशांच्या गमती मी मुलांना सांगायची.

जूनमधला तो शुक्रवार. शनिवारी सकाळी त्याची आई कायमची आयर्लंडला परत निघाली होती. तिची पाठ गेली होती, ऑपरेशन करायचं होतं, बहीण तिकडे बोलावत होती. ब्रेडाहून बस, मग बोट. त्यासाठी त्याला दोन दिवसांची रजा मिळाली होती, पहिलीच. सहा महिने ती एक रजा मिळवण्यासाठी त्याने बेलचं मिनिटसुद्धा अर्ध्यावर आणलं होतं. सबंध आठवडा तो एकच गोष्ट बोलत होता: आईची नारिंगी बॅग. हँडलला चिकटपट्टी लावलेली. ती त्यात आपली बिडाची कढई नेणार, आणि ती बॅग बसमध्ये चढवायला तिला माणूस लागणार.

"कढई ठेवून जा म्हणावं," मी म्हटलं.

"मिसेस, तुम्ही भारतातून काय आणलं होतं?"

मी पोळपाट-लाटणं आणलं होतं.

तास संपला. बेल झाली. सुऱ्या मोजल्या. अकरा. सात नंबरची काळी सावली रिकामी, आणि तिथे कुणाचाही बिल्ला नाही.

दार बंद झालं. देखरेखीचे लोक आले. मुलांचे खिसे, बूट, कपाटं, सिंकचा पाइप, सगळं तपासलं. संचालक आले. माझी पिशवी दारामागच्या खुंटीला लटकत होती. तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर मी शाळा डोक्यावर घेतली असती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सिंकपाशी शेवटी तो होता. माझं डोकं आधीच तापलं होतं. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या तासाला, संचालकांच्या देखत सुरी नाहीशी होते म्हणजे काय! त्यातून सोमवारी माझं काम पुढे चालू ठेवायचं की नाही याची बैठक होती. मी सगळ्यांसमोर त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"सात नंबर कुठे आहे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. मला वाटलं, पळायचं बघतोय.

"तुम्ही विचारताय, मिसेस, की शाळा विचारतेय?"

"काय फरक पडतो?"

"मला पडतो."

मी म्हणू शकले असते, मी विचारतेय. चार जणांना बाजूला सारून, हळू आवाजात. तो मला मार्ग काढून देत होता, हे आज लख्ख दिसतं. पण माझ्या अंगाची लाही झाली होती आणि एक पोरगं मला संचालकांसमोर अटी घालत होतं.

"शाळा विचारतेय!" मी ओरडले.

"मग मला माहीत नाही," तो म्हणाला, आणि त्यानंतर तोंड उघडलं नाही. संचालकांनी विचारलं, देखरेखीच्या लोकांनी विचारलं. आपल्या माणसाचं नाव सांगायचं नाही, हे त्याच्या आजोबांच्या सगळ्या गोष्टींतलं एकच न बदलणारं वाक्य होतं. आपलं माणूस कोण, हे मात्र मला तेव्हा सुचलं नाही.

संचालक म्हणाले, सुरी मिळेपर्यंत रजा देता येणार नाही. माझ्याकडे पाहून विचारलं, "तुमचं काय मत?"

"रद्द करा," मी म्हटलं.

संध्याकाळी सहाच्या सुमारास, लख्ख उन्हात, मी शेजाऱ्यांच्या परसात सशांच्या खुराड्यापुढे पुडी उघडली. गाजराची सालं, फ्लॉवरचा पाला, आणि मध्ये सात नंबर.

म्हातारे हसले. म्हणाले, "माझ्या सशांना दात आहेत, बाई."

मीही हसले. सुरी पदराखाली घ्यावी तशी जॅकेटखाली घेऊन घरी आले. फोन समोर होता. शाळेचा नंबर मला पाठ होता. सात वाजता त्याला सोडायची वेळ होती, अजूनही सोडलं असतं. मला फक्त म्हणायचं होतं, माझ्याकडे आहे, चुकून आली. पण मग पुढचे प्रश्न आले असते. बिल्ला का नव्हता? कागद का? बंद शाळेतून सुरी बाहेर गेलीच कशी? पिशवी कोण तपासत नाही, आणि का? सोमवारच्या बैठकीत माझा निकाल लागला असता. त्या कामासाठी मी दोन वर्षं किती दारं ठोठावली होती ते मला माहीत. मी स्वतःशीच घासाघीस केली. त्याला पुढच्या महिन्यात रजा मिळेलच. त्याच्यावर काही सिद्ध होणार नाही. रजा काय, शाळेने रद्द केली. मी काय एकटीने? असं करत करत सात वाजून गेले.

शनिवारी सकाळी मी बसच्या थांब्यावर गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही. डब्यात मेथीचे ठेपले घेतले होते. बाई लगेच ओळखू आल्या. बारीक चण, तेच तांबडे केस, मुळाशी पांढरे झालेले. जवळ नारिंगी बॅग, हँडलला चिकटपट्टी. त्या एकसारख्या रस्त्याच्या टोकाकडे पाहत होत्या. बस आली तरी पाहत होत्या. ड्रायव्हर खाली उतरला नाही. मी पुढे झाले आणि बॅग उचलली. कढई खरंच जड होती.

"देव तुमचं भलं करो, मिसेस," त्या म्हणाल्या. "हे माझ्या पोराने करायचं होतं."

मी डबा त्यांच्या हातात दिला. त्या चकित झाल्या. बस सुटली.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी पोचले आणि सात नंबर गॅसच्या शेगडीमागे 'सापडली'. बैठकीत माझं काम मंजूर झालं. त्याच्या फायलीत मात्र नोंद झाली, की सुरी लपवली होती. त्याची सुटका ऑगस्टात व्हायची होती, ती ऑक्टोबरवर गेली. आईचं ऑपरेशन ऑगस्टात झालं.

त्या सोमवारी बेल झाली, मुलं गेली, तो बसून राहिला. पूर्ण एक मिनिट. मग उठला, फळ्यापाशी गेला, सात नंबरकडे पाहिलं.

"ससे कसे आहेत, मिसेस?" त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्याने सुतारकामाच्या वर्गात बदली मागून घेतली.

माझा राग आहे तो इथे. त्याने पाहिलं होतं. सिंकपाशी उभा राहून त्याने मला तो कागद गुंडाळताना पाहिलं होतं आणि दाराकडे पाहिलं ते दाराकडे नव्हे, खुंटीवरच्या पिशवीकडे. एक शब्द बोलला असता तर तो शनिवारी थांब्यावर असता, मी फार तर नोकरीला मुकले असते. मुकायचं ते पुढे मुकलेच. डिसेंबरात शाळेने स्वयंपाकघरच बंद केलं आणि कारखान्यातून प्लॅस्टिकच्या ताटल्यांत जेवण मागवायला लागले. माझ्या चार दिवसांचं, माझ्या गुरुवारचं कुणाला काही वाटलं नाही. पण त्या पोराला कुणी सांगितलं होतं मला वाचवायला? मी मागितलं नव्हतं. न मागता इतकं मोठं काही देऊन ठेवायचं आणि बदल्यात काहीच मागायचं नाही, याला मी सौदा म्हणत नाही. याला मी अन्याय म्हणते. असं मी कित्येक वर्षं म्हणत आले आहे.

त्याने मागितलं नाही, हेही खरं नाही. एकदा मागितलं.

ऑक्टोबरातला शनिवार. सकाळी नऊ वाजता नवरा दूध आणायला बाहेर पडला आणि लगेच परत आला.

"अगं, आपल्या पायरीवर एक मुलगा बसलाय. तांबड्या केसांचा."

मी पडद्याआडून पाहिलं. पिवळ्या एप्रनचा खिसा त्याच्या कोटाखालून दिसत होता. पत्ता त्याला आईकडून मिळाला असणार. माझ्या डब्यावर नाव-पत्त्याची चिठ्ठी चिकटवलेली असे. आईने लिहिलं असणार, की एका भारतीय बाईने बॅग चढवून दिली, डबा दिला. आणि तेव्हाच त्याला कळलं असणार, की शनिवार सकाळपर्यंत मला सगळं ठाऊक झालं होतं. सुरी मी चुकून नेली, ते त्याने सोडून दिलं होतं. हे सोडण्यासारखं नव्हतं.

"बसू दे," मी म्हटलं.

दुपारी भुरभुर पाऊस झाला. नवरा साधा माणूस. त्याने पाण्याचा ग्लास आणि पोळीभाजी नेऊन दिली. ग्लास त्याच्यापाशी ठेवून ताटली तशीच परत घेऊन आला.

"पाणी घेतलं. म्हणतो, माझा उपास आहे, मिसेसना माहीत आहे." मग डोकं खाजवत, "आज संकष्टी आहे का गं?"

"नाही."

"मग कसला उपास?"

"मला काय विचारतोस!"

मी घर पुसलं. कपाटं आवरली. तीन वेळा दारापर्यंत गेले. शब्द अगदी तयार होते, चार-पाचच होते. पण मी जन्मात कधी पहिला भाव सांगितलेला नाही. मला वाटत होतं, त्याने दार वाजवावं. एकदा वाजवलं, की मी उघडीन. एकदा माझ्या नावाने ओरडावं, शिवी द्यावी, म्हणजे मलाही ओरडता येईल. तो नुसता बसला होता. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर.

सहाला चर्चची घंटा वाजली. आईकडे जाणाऱ्या रात्रीच्या बोटीसाठी त्याला आता निघायला हवं होतं, हे मला त्या क्षणी समजलं. घंटा थांबली. तो उठला नाही. मी कडीवर हात ठेवून काचेतून त्याच्या मानेकडे पाहत होते. पूर्ण एक मिनिट तो बसला. मग उठला, कोट झटकला, रिकामा ग्लास पायरीच्या कडेला नीट उपडा ठेवला आणि पाठ फिरवली.

मी मोजायला लागले. एक. दोन. दहाव्या पावलाला मी दार उघडणार होते, देवाशपथ उघडणार होते. तीन. चार. तो शेजाऱ्यांच्या कुंपणाआड गेला. पाच. सहा. त्या शाळेतून सुटणाऱ्या प्रत्येक मुलाला वर्कशॉपमध्ये त्याने स्वतः दुरुस्त केलेली एक जुनी सायकल देत. दोन वर्षं मी तिथे होते, मला हे माहीत होतं. सात. आठ. कुंपणाआड घंटीचा बारीक आवाज झाला.

दहा म्हणून मी दार उघडलं तेव्हा तो रस्त्याच्या पार टोकाला होता, अंगठ्याएवढा. हाक मारली. कुठल्या नावाने मारली तेही आठवत नाही. सायकल वळली.

"गेला का?" आतून नवऱ्याने विचारलं. "काय हवं होतं त्याला?"

"काही नाही," मी म्हटलं आणि ग्लास धुवायला घेतला.

त्याचा पत्ता माझ्याकडे नाही. त्याला मराठी येत नाही. हे त्याच्यापर्यंत पोचेल असंही नाही, आणि उत्तर द्यायचं की नाही ही त्याची गोष्ट. सात नंबर माझ्याकडे होती. शुक्रवार संध्याकाळी सहापासून. मी विचारतेय, शाळा नाही: ऐकलंस का?